रिसेप्शनमधली बोगनवेल

नर्सरीतल्या रिकाम्या कुंड्या एकात एक बसून नकळत उंच होत जातात ना, तसे आमच्याकडचे किस्से. एक काढायला जावं, तर खालचे चार बरोबर निघतात! आमची वाघोलीची नर्सरी ऑफिसांना भाड्याने झाडं पुरवते. बॉटनी करून मी तिथे लागले, प्रोबेशनवर.

पहिल्याच आठवड्यात हडपसरच्या एका आयटी ऑफिसातले ॲडमिनचे सर म्हणाले, "रिसेप्शनला बोगनवेल हवी. दगडात वाढते, तिला एसीत काय होतंय?"

मी चाचरत म्हटलं, "सर, तिला ऊन लागतं."

"अहो, चेअरमन येताहेत दिवाळीनंतर. त्यांना मी सांगून बसलोय!"

आमच्या मॅडम त्यांना फोनवर गोड आवाजात "जगेल की!" म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "चेअरमननी ती फुललेली पाहिली, तर तू पर्मनंट. नाहीतर तिच्याबरोबर तूही बाहेर!"

* * *

आमची पद्धत सोपी. शनिवारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा पिवळी पडलेली कुंडी उचलायची आणि उन्हात वाढलेली तिची जुळी बहीण तिथे ठेवायची. पहिल्या वेळी मी कुंडी इतकी घाईत ओढली, की लिफ्टपासून रिसेप्शनपर्यंत गुलाबी सडा!

टेम्पोवाले भिकूमामा म्हणाले, "ताई, झाड बदलायला आलोय का वरात काढायला?"

* * *

सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांना वेटिंग रूममध्ये कण्हेर हवी होती.

"अहो डॉक्टर, विषारी असते ती!" मी जवळजवळ ओरडलेच.

"घाबरू नका. इथे आम्ही कुणाला पाणीसुद्धा विचारत नाही, कण्हेर कोण खायला घालतंय!"

महिन्याभरात तिची पानं गळली. डॉक्टरांनी एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. "हिला गच्चीवर उन्हात न्या. पेशंटनाही मी हेच सांगतो, पण ते ऐकत नाहीत."

* * *

एका सोमवारी ॲडमिनच्या सरांचा फोन. "ताबडतोब या."

कळलं बहुतेक! धापा टाकत पोचले, तर सर बोगनवेलीकडे बोट दाखवून उभे. फांदीवर सरडा! मी अशी किंचाळले, की गेटवरचा वॉचमन वर आला.

सर शांतपणे म्हणाले, "याचं भाडं वेगळं का?" मग आवाज खाली आणून, "शुक्रवारी नव्हता हा. आला कुठून?"

"सर... आतली हवा मानवली असेल त्याला."

त्यांनी कुंडीभोवती एक चक्कर मारली. माझी रात्रीची झोप गेली.

* * *

चेअरमन सोमवारी सकाळी येणार, आणि नेमका शनिवारी टेम्पो बंद पडला! आतली बोगनवेल तोवर नुसत्या काड्या झालेली. मॅडमचा एकच मेसेज : "बघ आता."

रविवारी कसाबसा टेम्पो सुरू झाला. वॉचमन म्हणाला, "आज अजून एक?" घाईत माझं लक्षच नव्हतं. कुंडीची एक बाजू मी धरली, दुसरी भिकूमामांनी. लिफ्ट वर गेली, दार उघडलं.

समोर सर! घरातला टी-शर्ट, हातांवर काट्यांचे ओरखडे आणि कवेत ती काड्या झालेली बोगनवेल. त्यांच्यामागे, रिसेप्शनच्या कोपऱ्यात, कुठल्याशा दुसऱ्याच नर्सरीची एक टवटवीत बोगनवेल उभी.

लिफ्टचं दार मिटायला लागलं. सरांनी पाय घालून ते अडवलं, आमच्या कुंडीकडे निरखून पाहिलं, मग मागे वळून स्वतःच्या कुंडीकडे पाहिलं.

"अहो," ते कुजबुजले, "तुमची जास्त फुललीय. तीच ठेवू या!"