पेंटरमामांचा रेनडिअर

अख्ख्या मध्य प्रदेशात रेनडिअर या प्राण्याची बाजू घेऊन भांडणारा माणूस एकच होता, आणि तो माझा मामा होता. सख्खा नव्हे, आईचा चुलतभाऊ. पण लालबऱ्याजवळच्या आमच्या खेड्यातून मी शिकायला बालाघाटला आलो तो त्यांच्याच घरी, आणि बी. ए. होईपर्यंत राहिलो तोही त्यांच्याच घरी, त्यामुळे सख्खं-चुलत हा भेद मी केव्हाच विसरून गेलो. ते दुकानांच्या पाट्या रंगवत, बिडीच्या बंडलांवरची लेबलं काढत, लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती-घोडे काढत. गाव त्यांना पेंटर म्हणे, म्हणून आमचे ते पेंटरमामा. वाघ, मोर आणि कमळ त्यांनी इतक्यांदा काढलं होतं की डोळे मिटूनही काढलं असतं. पण मन जडलं होतं अशा एका जनावरावर, जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि जे बालाघाटच्या उन्हाळ्यात एक दुपारही तगलं नसतं.

ही ओळख झाली रद्दीत. मँगनीजच्या खाणीवरचा कोणी साहेब मायदेशी परतताना सामान विकून गेला. त्यातलं प्राण्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मामांनी रद्दीवाल्याकडून उचललं, ते वाघाचा पंजा नीट पाहायला मिळावा म्हणून. वाघ शोधता शोधता मध्येच रेनडिअरचं पान लागलं आणि वाघ राहून गेला तो राहूनच गेला. मामा चौथीपर्यंत शिकलेले. 'टेलर' आणि 'वॉच रिपेअर' ही अक्षरं ते सुरेख काढत, पण त्यांच्या लेखी ती चित्रंच होती. वाचता येत नसत. त्यामुळे मी नववीचं इंग्रजी घेऊन त्यांच्या दारात उतरलो, तेव्हा पाण्याच्या गडव्याआधी माझ्यासमोर ते पुस्तक आलं. "हे काय लिवलं हाय, मले सांग." ती चार पानं मी त्यांना किती वेळा वाचून दाखवली असतील याची गणती नाही. माझं इंग्रजी शाळेनं घडवलं असं प्रगतिपुस्तक म्हणतं, पण खरं श्रेय त्या चार पानांचं आहे. परीक्षेत गायीवर निबंध आला, तर मी लिहून बसलो की गायीच्या खुरांचे तळवे ऋतूप्रमाणे बदलतात. ही गाय कुठे बांधलेली असते, असं सरांनी वर्गात सर्वांदेखत विचारलं.

त्या पानांतली प्रत्येक गोष्ट मामा घरच्या बातमीसारखी सांगत. रेनडिअरचे केस आतून पोकळ असतात म्हणून तो पाण्यात बुडत नाही. नराप्रमाणे मादीलाही शिंगं येतात. चालताना त्याच्या पायांतून टकटक आवाज निघतो. पुढे मामांचा स्वतःचा गुडघा वाजायला लागला, तेव्हा औषध आणायचं सोडून त्यांनी मला जवळ बसवून तो आवाज ऐकवला. रेनडिअर बर्फाखालून काय उकरून खातो, तो इंग्रजी शब्द मात्र मला बरेच दिवस उलगडेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, अरे, आपलं दगडफूलच की, त्याच जातीचं. मी घरी येऊन सांगितलं. मामा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मामींचा मसाल्याचा डबा उघडून बराच वेळ आत पाहत राहिले. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मंग त्याले आपला रस्सा जमते म्हना. येऊन राह्यला तं आधी सांगजा, कणीक जास्त भिजवीन."

एवढा प्रेमाचा प्राणी, तो नुसता पुस्तकात राहावा हे मामांना पटत नसे. आमच्याकडे माल नावानं मागत नाहीत, छापानं मागतात. बाई दुकानात जाते आणि म्हणते, मोरवाला तांदूळ द्या. म्हातारा म्हणतो, चाकूवाली बिडी दे. त्यामुळे चित्र काढणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते हे मामांना ठाऊक होतं, आणि ती सगळी त्यांना रेनडिअरच्या पायाशी वाहायची होती. ज्या दुकानदारानं पाटी सांगितली त्याला ते आधी रेनडिअर सुचवत. छत्रीवाल्याला म्हणाले, पाण्यात न बुडणारं जनावर आहे. चपलावाल्याला म्हणाले, असे पाय दुसऱ्या कोणाचे नाहीत. केशतेलवाल्याला पोकळ केसांचं सांगायला गेले, तिथे मात्र चहाही न मिळता परतले. एकदा एका लग्नघरी दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती सांगितले असताना यांनी रेनडिअरचं जोडपं काढून ठेवलं. मुलीचे वडील म्हणाले, दोघांना शिंगं कशी, हे दोन्ही नवरदेवच दिसतात. मामा शांतपणे म्हणाले, "डावीकडची नवरी हाय. याईच्यात बाईलेही शिंगं रायतात." मुलीच्या आईनं ते ऐकलं आणि वऱ्हाड यायच्या आत भिंतीवर चुना फिरला.

आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे, जो पाही तो त्याला बारासिंगा म्हणे. कान्हाचं जंगल आमच्या शेजारी, तिथला बारासिंगा लेकराबाळांना माहीत, मग दुसरं काय म्हणणार? पण मामा प्रत्येकाला थांबवून चूक दुरुस्त करत. सायकलवरून उतरून करत. एकदा कचेरीच्या आवारात एका वकिलाला ते इतका वेळ समजावत राहिले की त्याच्या खटल्याचा पुकारा झाला तरी त्याला हलता येईना.

मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना हवी होती ती संधी आली. गोंदिया रस्त्यावरच्या एका राइस मिलच्या शेठजींना पोत्यांसाठी नवा छाप हवा होता आणि नव्या वर्षाचं कॅलेंडरही त्याच चित्राचं काढायचं होतं. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, असा जानवर काढा जो दुसऱ्या कोणाच्या पोत्यावर नाही. हे वाक्य ऐकायला मामा जणू वीस वर्षं थांबले होते. महिनाभर त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. बर्फ कधी पाहिला नव्हता, म्हणून बर्फाच्या कारखान्यात जाऊन लाकडाच्या भुशातल्या लादीसमोर उकिडवे बसले आणि तिच्यात निळा रंग किती आणि हिरवा किती ते बोटं बधिर होईस्तोवर पाहून आले. चित्र झालं तेव्हा मामीसुद्धा हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या माळावर रेनडिअरची मादी उभी होती, मानेखाली दाट आयाळ, श्वासाची वाफ, आणि पोटाशी पिल्लू. मामा म्हणाले, आता हिचं नाव घरोघरी लागेल. आपली पाटी, आपलं नाव असं ते कधी म्हणत नसत. हिचं म्हणाले.

शेठजींनी चित्र पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "वाह, कान्हा का बारहसिंगा!" मामांनी दुरुस्ती केली. मुनीमजी म्हणाले, मादी आहे म्हणता, मग शिंगं कशी? मामांनी तेही सांगितलं. शेठजी समजूतदार होते. म्हणाले, असेल बाबा तुमचं ते विलायती, पण गिऱ्हाईक मागणार ते ओळखीच्या नावानं. खाली 'बारहसिंगा छाप' लिहा. तेव्हा मामांनी कॉलेजात निरोप धाडून मला पुस्तकासकट बोलावून घेतलं. मी मिलच्या गादीसमोर उभा राहून ती चार पानं वाचली आणि हिंदीत अर्थ सांगितला. शेठजी डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी रेनडिअरबद्दल काहीच विचारलं नाही. "लड़का अंग्रेज़ी में चिट्ठी लिख लेगा?"

मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार वाढला होता आणि लिहिणारा माणूस मिळत नव्हता. उद्यापासून दिवसभर यायचं, कॉलेजचं मग पाहता येईल. आणि मामांकडे वळून ते हसत म्हणाले, "लड़का हमें दे दो, पेंटरजी. नाम आपका वाला लिखवा देंगे."

खरं सांगतो, मला ती नोकरी हवीशी वाटली. आमच्या घराण्यात पगार असा कोणी घेतला नव्हता; माझ्या वडिलांनी तर गावभर पेढे वाटले असते. मी मामांकडे पाहिलं. ते चित्राकडे पाहत होते. मादीच्या नाकावर नसलेला कण त्यांनी अंगठ्यानं पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला.

"नाई शेठजी," ते म्हणाले, "हा बी. ए. होऊन राह्यला. मी बारासिंगाच लिवतो."

आणि पिशवीतून ब्रश काढून तिथेच बसून त्यांनी लिहिलं. मी त्यांची अक्षरं खूप पाहिली, पण 'बारहसिंगा छाप' इतकी देखणी अक्षरं त्यांनी दुसरी काढली नाहीत.

परतताना मी घुश्शातच होतो. सायकल ढकलत म्हणालो, परीक्षा दोन वर्षांनी दिली असती तर काय बिघडलं असतं? मामांनी ब्रशाची पिशवी हँडलला अडकवली. मग म्हणाले, "मी बी चौथीत मास्तरले असाच म्हनून आलतो बाबू, का पाट्या रंगवून पोरायच्या संगं येऊन बसतो. मास्तर दोन दिवस वाट पाहत राह्यले म्हनतात."

ते कॅलेंडर जिल्हाभर गेलं. लालबऱ्याच्या चहावाल्याकडे लागलं, आमच्या खेड्यातल्या घरी लागलं, मामींनी चुलीच्या वर लावलं. मी पास झालो त्या उन्हाळ्यात मामांबरोबर परसवाड्याच्या बाजारात एका किराणा दुकानाची पाटी रंगवायला गेलो होतो. वर्ष उलटून गेलं तरी दुकानदारानं ते कॅलेंडर भिंतीवरून काढलं नव्हतं. तारखांचं पान फाडून नुसतं चित्र ठेवलं होतं. त्यानं विचारलं, "पेंटरजी, ये बारहसिंगा आपने बनाया? एकदम जीता-जागता है."

मी आता ग्रॅज्युएट होतो. चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोच मामांनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांनी चित्राकडे एकदा नीट पाहिलं.

"हौ," ते म्हणाले, आणि पाटीपर्यंत हात पुरेल असं एक स्टूल मागितलं.