शिडीची मोडकी पायरी

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिला, म्हणून बाबांच्या दाव्याचे कागद माझ्याच हाती आले. खरं तर तेव्हा वकिलासमोर बोलतानाही माझी जीभ अडखळायची.

बाबा वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापूस वर चढवताना शिडीची पायरी मोडली, ते खाली पडले आणि उजव्या हाताचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मूठ मिटेना. पायरी किडल्याचं त्यांनी दिवाणजींना दोनदा सांगितलं होतं. मालकाचं लेखी उत्तर मात्र आलं : शिडी धडधाकट होती, कामगारानेच घाई केली. जिनात आता नवी शिडी उभी होती.

आमचे वकील म्हणाले, "ती मोडकी पायरी असती तर!"

ते ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिनातलं मोडकं लाकूड कामगारांनी सरपणाला न्यायचं, असा तिथला रिवाज होता. मी धावतच घरी आलो.

"माय, बाबा पडले त्या दिवशी त्यांना घरी आणलं त्या गाडीत जिनातली लाकडं आली होती?"

"आली ना, तुह्या बापासंगच. कायले पायजे?"

"जाळली?"

"मंग काय हळद-कुंकू लावून पुजू?"

मी परसात तुराट्यांचा ढीग उपसला. तळाशी हाताएवढा तुकडा सापडला. एक टोक जळकं, दुसरं वाळवीने पोखरलेलं, आणि अंगावर जिनातल्या शिड्यांचा हिरवा रंग! मी आनंदाने ओरडलोच.

बाबा मात्र म्हणाले, "फेक ते. इतकी वर्सं शेठनं भाकर देल्ली."

"बाबा, तुमी दोनदा सांगतलं होतं ना? तेवढंच सायबाले सांगा."



सुनावणीत भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांनी त्या लाकडात अंगठ्याचं नख दाबलं. टेबलावर भुसा सांडला. "तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी मालकाकडे पाहिलं.

"दोन डाव सांगतलं, सायेब. दिवाणजी म्हने, तुले लय भेव वाटते."

भरपाईचा हुकूम हातात पडला. कचेरीबाहेर लिंबाखाली बाबांनी विचारलं, "माह्यं बोलनं लिवलं हाय का त्यात?"

मी ती ओळ शोधून वाचली : 'कामगाराने दोन वेळा पूर्वसूचना दिली होती.'

"अजून एक डाव वाच," बाबा म्हणाले. "जरा जोरानं."