पडद्यावरची फणसपोळी

कथेला कलाटणी हवी म्हणून कुणाच्या शहीद नवऱ्याला गद्दार केलेलं तुम्हाला चालेल का? फणसपोळीचा वास आला की मला देवरूखची काकी आठवते. लढाईत साथीदारांना वाचवताना गेलेल्या काकांची हकीकत तिने एका सिनेमावाल्याला फणसपोळी खाऊ घालत सांगितली होती. पुढे त्याचा सिनेमा रत्नागिरीच्या थिएटरात लागला. पडद्यावरच्या जवानाने पिशवीतून फणसपोळी काढली, तेव्हा तिने माझा हात दाबला, "आमचे ह्ये गो!" मध्यंतराला तोच जवान शत्रूचा खबऱ्या निघाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पोळी माझी, मग ह्यो मानूस कोनाचा?" काकीने विचारलं. याला सिनेमावाले ट्विस्ट म्हणतात, मी दगा म्हणते. पडद्यावर गद्दार सापडला की शिट्टीआधी एकदा विचारा, ही गोष्ट कुणाच्या घरून उचलली?