आखाजीच्या दिवशी मी गावात नव्हतो

१९८८ सालच्या मार्च महिन्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या गावच्या पोलीस पाटलानं मला त्याच्या जीपपुढे पळवलं. अंतर दीड किलोमीटर. धरणगावच्या रस्त्यावरच्या पुलापासून त्याच्या दारापर्यंत.

मी जळगावला शिकत होतो. मेहरूणला एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. पहाटे तलावाभोवती पळायचं, दिवसा कॉलेज, संध्याकाळी कायद्याची पुस्तकं. मला पोलीस व्हायचं होतं. वयोमर्यादा संपायला दोनच भरत्या उरल्या होत्या. होळीला घरी आलो तरी पळणं चुकवलं नाही. अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट.

जीप मागून आली. पाटलाशेजारी धुळ्याचे पाहुणे बसले होते, मुलीच्या सोयरिकीसाठी आलेले. सगळं गाव पाटलाला नाना म्हणायचं. आम्हीही.

"कोना पोऱ्या रे तू?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. माझे वडील बारा वर्षांपासून त्याच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी होते.

मी वडिलांचं नाव सांगितलं.

नाना पाहुण्यांकडे वळला. "यास्ना आजला मना बापना घोडापुढे पये. तालुकाले टपाल ली जाये." आजला म्हणजे आजोबा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पय. गाडीपुढे पय. दखू दे पाहुणास्ले."

मी पळालो. हे लिहायलाच हवं. कुणी हात लावला नव्हता, बंदूक रोखली नव्हती. तरी पळालो. मागून हॉर्न वाजत होता. वेशीत आल्यावर त्यानं ओरडून सांगितलं, "बूट काढ." मी बूट हातात घेतले. ओट्यांवरची माणसं उठून बघायला लागली. एक पाहुणा घड्याळात बघत होता. दारात जीप थांबल्यावर तो म्हणाला, "चांगला पयस हो." सगळे हसले. गोठ्यात माझे वडील बैलांना पेंड घालत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं. मग पाटी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर मी मुद्दाम गेलो. जीप आली. पाहुणे परत निघाले होते.

"चाल, पय," नाना म्हणाला.

मी उभा राहिलो. घरी मी अहिराणीच बोलतो. त्याला मात्र पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. "पळणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

"ध्यानमा ठेवसू मी," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला.

भरतीची मैदानी चाचणी आखाजीच्या दिवशी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि पुरुष पत्ते खेळतात. त्या दिवशीच्या जुगाराला गावात कुणी गुन्हा म्हणत नाही. मी त्या दिवशी जळगावला, पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर होतो. सकाळी सातला हजेरी झाली. छातीवर क्रमांक लावला. चार वाजता सुटलो. धावण्यात माझ्या तुकडीत मी पहिला आलो.

यादीत नाव लागलं. ऑगस्टमध्ये सोबतच्या मुलांना नेमणुकीची पत्रं आली. मला आलं नाही. ठाण्यात गेलो. तिथल्या जमादारानं कागद काढला आणि वाचून दाखवला. चारित्र्याच्या चौकशीत गावच्या पोलीस पाटलाचा अभिप्राय घेतात. नानानं लिहिलं होतं: 'सदर इसम आखाजीचे दिवशी दुपारी गावात जुगार खेळताना व मारामारी करताना मी समक्ष पाहिला. वर्तणूक चांगली नाही.' खाली सही. सहीवर शिक्का.

"काही भांडण हाये का रे पाटलाशी?" जमादारानं विचारलं.

"दिवस, वेळ परत वाचा, जमादारसाहेब," मी म्हणालो.

त्यानं वाचली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आखाजीला खान्देशातला माणूस गावाबाहेर राहत नाही. नानानं हे गृहीत धरलं होतं. त्या दिवशी मला पोलिसांनी स्वतःच्या हजेरीपटात लिहून ठेवलं होतं.

मी दोन अर्ज केले. पहिला मुख्यालयाला, हजेरीच्या उताऱ्यासाठी. दुसरा प्रांतसाहेबांना. पोलीस पाटलाला नेमणारे आणि काढणारे तेच. न्याय मिळावा असं मी त्यात कुठेही लिहिलं नाही. सदर इसमास पदावरून दूर करावे, एवढंच लिहिलं.

चौकशीची नोटीस गावात पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी नाना आमच्या दारात आला. आमच्या वस्तीचं नाव सरकारी कागदावर बदललेलं होतं. गावाच्या तोंडी महारवाडाच. तो तिथे पहिल्यांदा आला. वडिलांनी खाट टाकली. तो बसला नाही. त्याच्या हातात कागद होता.

"नवा दाखला आणेल शे. वर्तणूक उत्तम, असं लिखेल शे. तू तक्रार मांगे ले."

वडील माझ्याकडे वळले. "ले ना, पोऱ्या. नोकरी भेटी जाई तुले. चौकशीमा बठ्ठं साल जाई."

वडिलांचा हिशेब बरोबर होता. यादी वर्षअखेरपर्यंतच चालते. कागद घेतला असता तर महिनाभरात अंगावर गणवेश आला असता. दोन भरत्यांतली एक संपत होती. मी हे सगळं उभ्या उभ्या मोजलं. मला नोकरी हवी होती. त्या घडीला त्याचा शिक्का काढून घेतलेला बघणं जास्त हवं होतं.

"नवा तुमच्याकडेच ठेवा, नाना," मी म्हणालो. "मला जुनाच पुरे. त्याच्यावर तुमची सही आहे."

"पोऱ्या, तुना बाप मना घरनं खास."

"उद्यापासून नाही खाणार," वडील म्हणाले. मला ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी खाट उचलून भिंतीला लावली.

नोव्हेंबरमध्ये प्रांत कार्यालयात नानाचा जबाब झाला. मी समोर उभा होतो.

"याला तुम्ही स्वतः पाहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. या डोळ्यांनी."

"कुठे?"

"माझ्या मळ्यात. गोठ्याच्या पडवीत."

"तुमच्या पडवीत जुगार चालला होता?"

"आखाजी होती साहेब. बठ्ठा गाव खेळस."

"तुम्ही पोलीस पाटील आहात. ठाण्याला कळवलंत?"

कारकुनाचं लिहिणं थांबलं. साहेबांनी हजेरीपटाचा उतारा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाचायला बराच वेळ घेतला. मग त्याला जबाब वाचून दाखवला आणि त्यावर त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी मी नकलेचा अर्ज केला. ती नक्कल माझ्याकडे आहे.

डिसेंबरात यादीची मुदत संपली. मला पत्र आलं नाही.

जानेवारीत हुकूम आला. कोतवालानं तो चावडीवर वाचला. पदावरून दूर, दप्तर व शिक्का तहसीलला जमा करावा. मी पुढे उभा राहून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकला आणि कोतवालाला म्हणालो, "पुन्हा वाच." त्यानं पुन्हा वाचला. नाना दार लावून घरात होता. चावडीपासून त्याचं दार वीस पावलं.

त्याच आठवड्यात पुढच्या भरतीचे अर्ज निघाले. ती माझी शेवटची भरती होती. मी जळगावला जाऊन अर्ज भरला. नाव, गाव, वय, उंची. शेवटून दुसरा रकाना होता: 'आपले नाव कोणत्याही चौकशीत आले आहे काय?'

मी लिहिलं: होय. तक्रारदार म्हणून.