वाकड्या हौद्याचं माप

माझी पिकअप सरळ आहे, हे मी नऊ वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. गॅरेज माझं, गाडी माझी, हातोडाही माझाच, त्यामुळे उलट बोलणारं कोणी नव्हतं. मग एका गुरुवारी सकाळी वहिनींनी सुतळीचा एक तुकडा उचलला आणि भर रस्त्यात माझी अब्रू घेतली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान माझ्या गॅरेजला लागूनच आहे. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीत आम्हीच पाडलेलं एक दार. कापायचा दादा, बसवायचा दादा, गिऱ्हाइकाशी बोलायचाही दादाच. शिवायच्या मात्र वहिनी, आणि त्याही दुकानात नाही, तर घरी मागच्या खोलीत, जाड कामाच्या काळ्या मशीनवर. बावीस वर्षं. आमच्या भागातली निम्मी माणसं वहिनींच्या शिवणीवर बसून फिरतात आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नाही. ठाऊक असायला हवं असं मलाही कधी वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

यंदा दादाचा उजवा खांदा गेला. हात वर जाईना, कात्री धरली की बोटांना मुंग्या. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. दादाने दोन दिवस दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की दुकान बंद. फोन दुरुस्त करणारा एकजण जागा मागत होता, तो सोमवारी किल्ली न्यायला येणार होता.

"मी आहे की," वहिनी म्हणाल्या.

"तू शिवतेस," दादा म्हणाला. "गाडीवर माप घेणं, बसवणं, ते वेगळं असतं."

"मग एक गाडी द्या मला."

दादाच्या नाकावर राग कायमच असतो, त्या दिवशी तर तो ताटातही सांडला. "ठीक आहे," तो म्हणाला, "रविवारपर्यंत एका पिकअपच्या हौद्याला कव्हर करून दाखव. मी स्वतः वरून पाणी सोडणार. आत थेंब गेला नाही तर दुकान तुझं. गेला तर सोमवारी किल्ली त्याची."

हौदा म्हणजे पिकअपची मागची उघडी पेटी. तिच्यावर ताणून बसवायचं कव्हर हे आमच्याकडचं सगळ्यात खट्याळ काम. सीटकव्हर जरा सैल झालं, तर वर माणूस बसला की दिसत नाही. हौद्याच्या कव्हरवर पाऊस बसतो, आणि पावसाला सगळं दिसतं.

"माझी गाडी घ्या," मी मोठ्या मनाने म्हणालो. "जुनी आहे, पण एकदम सरळ."

तसा माझाही स्वार्थ होताच. बाजारातून मी दोनदा तयार कव्हर आणलं होतं आणि दोन्ही मागच्या डाव्या कोपऱ्यात फडफडत राहिली. दोन्ही वेळा मी कव्हर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

तर गुरुवारी सकाळी वहिनी साडीचा पदर खोचून हौद्यात चढल्या. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी तिरकी सुतळी ताणली आणि कोपऱ्यावर बरोबर गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर लावली. गाठ बोटभर अलीकडेच राहिली.

"भाऊजी, गाडी वाकडी आहे."

"सुतळी ओली असेल."

"मग तुम्ही धरा."

मी धरली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर अंगठा पुढे सरकवूनही पाहिलं. तोवर समोरचा दुकानदार, माझी दोन गिऱ्हाइकं आणि एक उगाचच थांबलेला माणूस असा जमाव झाला होता. दादा दुकानाच्या दारात स्टुलावर बसून बघत होता. लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्याच गॅरेजच्या खांबावर मी स्वतःचीच गाडी मागे घेताना आदळली होती. मागचा डावा कोपरा दोन बोटं आत गेला. मी पत्रा ठोकला, रंग मारला आणि घरी सांगितलं की खांबाला भेग गेली ती पावसाने.

दादाने कपाळाला हात लावला. "ही नको," तो वहिनींना म्हणाला. "दुसरी सरळ गाडी घे. वाकड्या गाडीवर पहिलंच काम करतेस?"

"हीच करते," वहिनी म्हणाल्या. "ज्याची गाडी सरळ आहे त्याला बाजारात तयार मिळतं. तो आपल्याकडे कशाला येईल?"

 

शुक्रवारी वहिनींनी हौद्यावर जाड खाकी कागद पसरला, चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणला आणि काठावरून तळहात घासत गेल्या. काठावरच्या मळाने कागदावर काळी रेघ उठली. तीच खरी बाहेरची रेघ, आत गेलेल्या कोपऱ्यासकट. त्या रेघेवर त्यांनी कागद कापून घेतला. मग काठावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या, पाणी साचू नये म्हणून मधे तीन आडव्या कमानी टाकल्या. ड्रिल कसं धरायचं ते मी सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हातानेच 'बाजूला व्हा' अशी खूण केली. भोकं एका ओळीत पडली होती. माझी पडत नाहीत.

संध्याकाळी दुकानात कापड पसरून कापलं, रात्रीच्या जेवणाआधी शिवूनही झालं. शनिवारी सकाळी कव्हर गाडीवर चढवलं.

बसेना. मागचा उजवा कोपरा दोन बोटं तोकडा पडला, आणि डाव्या कोपऱ्यात दोन बोटं कापड बाहेर लोंबायला लागलं.

दादा स्टुलावरून उठला, कव्हरकडे पाहिलं, "झालं," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वाटलं, हे माझ्या त्या खांबाचं पाप या बाईच्या पदरात पडलं.

वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. मग दुसरी. मग त्यांनी कव्हर काढलं आणि उलटं करून, आतली पांढरी बाजू वर ठेवून हौद्यावर टाकलं.

चारी कोपरे नेमके बसले. कुठे सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

"माप बरोबर आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी कापड उलट्या बाजूने कापलं."

मला समजायला जरा वेळ लागला. रेक्झिनच्या वरच्या बाजूवर खडू ओढला तर डाग राहतो, म्हणून खुणा नेहमी मागच्या बाजूला करायच्या, हे दादानेच त्यांना शिकवलेलं. त्यांनी कापड पालथं पसरलं, वर कागद ठेवला, खुणा केल्या, कापलं. शिवून झाल्यावर कापड सुलटं केलं की डावीकडचं उजवीकडे गेलं. सरळ गाडीला डावं काय आणि उजवं काय, दोन्ही सारखंच. म्हणून बावीस वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

"आता एकच उपाय आहे," वहिनी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "गाडी उजव्या बाजूनेही एकदा खांबावर घाला."

मी रागावणार होतो. पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि मला हसू फुटलं ते आवरेना. इतक्या वाईट सकाळी ही बाई माझी थट्टा करत होती.

उसवून पुन्हा शिवणं शक्य नव्हतं. रेक्झिनला एकदा सुई लागली की भोक कायमचं, आणि भोक म्हटलं की पाणी. गुंडाळीवर एका कव्हरापुरतंच कापड उरलं होतं. मी म्हणालो, दादाशी बोलतो, दोन दिवस जास्त मागून घेतो.

"काही बोलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "चूक माझी आहे. आणि रविवार उद्या आहे, आज नाही."

त्यांनी खाकी कागदावर लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरात 'वर' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'खाली'. कापड पालथं पसरलं. या वेळी कागदही पालथा ठेवला. मग उभ्या राहून बघितलं, बाहेर गाडीपर्यंत जाऊन आल्या, पुन्हा बघितलं. मला एका टोकाला गुडघ्यावर बसवलं आणि सांगितलं, "श्वास घ्या, पण हलू नका." कात्री कापडात शिरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मी आजवर कितीतरी इंजिनं उघडली आहेत, पण डोळे कधी मिटले नव्हते. वहिनींचे उघडे होते.

रविवारी नवं कव्हर अर्धा तास उन्हात पसरलं, कारण ऊन लागलं की ते जरा सैल पडतं आणि नीट ताणता येतं. मग पुढून मागे टिचबटणं लावत त्या निघाल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. शेवटी तो माझा मागचा डावा कोपरा आला. वहिनींनी दोन्ही अंगठ्यांनी कापड ओढलं, जोर लावला आणि बटण टिचकन बसलं. मी सुरकुती शोधायला म्हणून चारी बाजूंनी फिरलो. मला दुसऱ्याच्या कामात खोट काढायची चांगली सवय आहे, पण काही सापडलं नाही.

"आत कोण बसणार?" दादाने विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

एक बाजू उघडून मला हौद्यात सरकवलं आणि वरून बटणं लावली. माझं वजन सांगत नाही, पण कमानीखाली मी कसाबसा मावलो. हातात टॉर्च. बाहेर पाण्याचा नळ सुटला आणि डोक्यावर धो धो सुरू झालं.

दादाने आधी वरून पाणी मारलं. मग चारी कडांवरून. मग एकेका बटणावर थांबून. मी टॉर्च फिरवत एकेक शिवण बघत होतो आणि बोटाने चाचपत होतो. शेवटी त्याने नळीचं तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात, काठाच्या खालून घुसवलं.

"दादा, पाऊस खालून पडत नाही!" मी आतून ओरडलो.

"तू थेंब बघ!"

आणि माझ्या नाकावर एक थेंब पडला. वर टॉर्च मारला, शिवण कोरडी. कापड कोरडं. मी थेंब जिभेला लावून पाहिला. खारट होता. माझाच घाम.

"कोरडं आहे!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरचा दुकानदार घाबरून धावत आला, असं तो नंतर सांगत होता. मला बाहेर काढलं तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि हौदा मात्र ठणठणीत कोरडा होता. मला रडू येत होतं, ते मी घामात खपवलं.

दादाने नळ बंद केला. मग तो त्या कोपऱ्याजवळ आला आणि चांगल्या डाव्या हाताने काठावरून बोटं फिरवू लागला. बराच वेळ फिरवत राहिला.

"काल काय झालं होतं?" त्याने विचारलं.

वहिनींनी सांगितलं. पालथं कापड, उलटं झालेलं डावं-उजवं, काही न लपवता सगळं. दादा ऐकत होता.

"काल मी 'झालं' म्हणून आत गेलो," तो म्हणाला, "तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मला वाटलं तुझं माप चुकलं. मी असतो तर पुन्हा पुन्हा माप घेत बसलो असतो."

"तुम्ही कधी वाकड्या गाडीला केलंच नव्हतं ना," वहिनी म्हणाल्या. समजूत घालावी तसं.

"नाही केलं. घ्यायचोच नाही. 'आधी गाडी सरळ करून आणा' म्हणायचो. लोक सांगत फिरायचे, यांचं कव्हर कधी गळत नाही. गळेल कसं? गळण्यासारखी गाडी मी दारातूनच परत पाठवायचो."

हे तो चारचौघांत बोलला. ज्याने आयुष्यात कधी कोणासमोर पडतं घेतलं नाही, तो माझा भाऊ. मला त्याचाही अभिमान वाटला, पण खरं सांगायचं तर वहिनींचा इतका वाटत होता की त्यात त्याला फारशी जागा उरली नव्हती.

दादाने खिशातून फोन काढला. मला वाटलं, दुकान मागणाऱ्याला नकार कळवतोय. पण त्याने फोन लावला तो चार वर्षांपूर्वी त्याने परत पाठवलेल्या एका लाकूडवाल्याला.

"हो, मीच बोलतोय. तुमची ती मागून दबलेली गाडी अजून आहे का? ... नाही, नाही, सरळ करू नका. तिच्यावर कव्हर बसत नाही असं मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं. बसतं. मला बसवता येत नव्हतं. ... छे, मी नाही करणार, मला आजही येत नाही." तो वहिनींच्या दिशेने वळला. "माझी बायको करते. तिच्याकडे घेऊन या."

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनीही. त्या पाठमोऱ्या होत्या, पट्टीवरचं पाणी फडक्याने टिपत होत्या, आणि त्यांचा हात थांबला.

"मंगळवारी म्हणावं," त्या न वळताच म्हणाल्या. मग मोठ्याने, फोनवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "आणि गाडी रिकामी आणायला सांगा. माप मी घेणार आहे."