ठिपके आणि तीळ

प्रयोगशाळेच्या भिंतीवर, लेझरच्या लाल उजेडात, माझा भाचा हसत होता. त्याचा हा एवढाच फोटो उरलाय. वर्तमानपत्रातला, म्हणून सगळा ठिपक्याठिपक्यांचा. तो गेल्यापासून ताई मला म्हणायची, "तू उजेडाची कामं करतोस ना? मग ते ठिपके तेवढे काढ."

फोटोच्या पारदर्शक फिल्ममधून आणि मग भिंगातून गेलेला उजेड पुढे एका जागी गोळा होतो. तिथे चेहऱ्याचा उजेड मधोमध येतो, बारीक ठिपक्यांचा कडेला पडतो. मी त्या जागी मधे भोक पाडलेला काळा कागद लावला. ठिपके गेले, गाल गुळगुळीत झाले.

ताई भिंतीजवळ गेली. "हनुवटीवरचा तीळ कुठाय रे?"

तीळ ठिपक्याएवढाच होता, तोही अडला. कागदाला फक्त अडवता येतं. दुःख तेवढं अडावं म्हणून आपणही मनाला असलाच काहीतरी कागद लावतो, आणि माणूसच पुसट होत जातं.

मी कागद काढला. ठिपके परत आले. तीळही त्यांतच कुठेतरी असणार.

"हा का?" ताई एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारत होती. बोट ठेवलं की तेवढा चेहरा सावलीत जायचा.