रिकामा नसलेला डबा
काल माळ्यावरचा प्लास्टिकचा डबा उघडला आणि भाजलेल्या मोहाचा गोडसर वास आला. चंद्रपूरच्या कॉलेजातली उन्हाळ्यातली दुपार आठवली. लॅबमधले पंखे गरम वारा फेकत होते आणि जिवतीकडची माझी मैत्रीण याच डब्यातून आईनं भाजून दिलेली मोहफुलं मला चारत होती. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आम्ही नुकतीच शिकत होतो. मी तिच्यातल्या नम्पाय या आकडेमोडीच्या साधनाकडे 'एम्प्टी' लिहून रिकामा ॲरे, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांची रांग, मागितला, तर स्क्रीनवर भलतेच आकडे आले. मी चिडले, "मी तर रिकामा मागतला, हे आकडे काऊन आले?" ती हसली. "त्यानं फक्त मेमरीतली जागा देल्ली, पुसून नाई देल्ली. पहिले कोनाचं जे होतं तेच पडून असन. झिरो पाह्यजे तं झिरो माग." मग उरलेल्या फुलांसकट डबा माझ्या पुढ्यात सरकवत म्हणाली, "घरी ने. पन रिकामा आनू नको, आमच्याकडं रिकामं भांडं वापस देत नाईत." मी चिवडा भरून नेला, तेव्हा ती कॉलेज सोडून गावी निघून गेली होती, फोन पुन्हा लागलाच नाही. काल मुलीनं विचारलं, "आई, हा रिकामा डबा घेऊ?" मी झाकण घट्ट लावलं. म्हटलं, "रिकामा नाई तो."